सव्वीस एप्रिलचा रविवार

काबोनोरा, ९ नोव्हेंबर १९८६

तुल्लिओ,

तुझ्या क्लबात तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा मैदानाच्या माळ्याने उचलला, दुसऱ्यांदा कोणीच नाही, तिसऱ्यांदा पुन्हा माळ्यानेच. प्रशिक्षकाला तुमच्यात मिस्टर म्हणतात ना, तसं म्हणाला, "मिस्टर सरावात आहेत, बाई, आणि आज त्यांच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नाही." सख्ख्या भावाशी बोलायला माळ्याची मनधरणी करायची म्हटल्यावर मी पत्रच लिहायला बसले.

मी लग्न करतेय. उभा असशील तर खाली बस. अठ्ठेचाळीस हे काही लग्नाचं वय नाही, हे मला शेजारणीने सांगून झालंय, खाटकाने सांगून झालंय, तू नाही सांगितलंस तरी चालेल. आई गेल्यावर आधी तुला वाढवलं, मग अकरा वर्षं बाबांचं आजारपण काढलं, आणि या सगळ्यात गावभरच्या पोरींचे लग्नाचे पोशाख शिवून बोटांची चाळण झाली. आता एक स्वतःसाठी शिवणार आहे. राखाडी निळा. पांढऱ्याचं माझं वय नाही, एवढं मला कळतं.

नवरदेव ओत्तोरीनो पावान. पोस्टमन. हो, तोच. ओरडू नकोस, पोर्तोमार्झोचे लोक घाबरतील.

बाबा नाहीत, तेव्हा चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत मला तू घेऊन जायचंस. भेटवस्तू नको, काही नको, एक हात हवाय. मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्याकडे कोणी लग्न करत नाही, शनिवारी ओत्तोरीनोला टपाल वाटायचं असतं, म्हणजे राहिला रविवार. आणि रविवारी तुझे सामने. तेव्हा कुठला रविवार मोकळा आहे ते कळव, आणि या वर्षी कळव.

एर्सीलिया


पोर्तोमार्झो, २० नोव्हेंबर १९८६

एर्सीलिया,

रेफरी! सगळ्या पो नदीच्या काठावर तुला रेफरीच सापडला? गावात पुरुष संपले का? खाटीक विधुर झालाय ना? औषधांच्या दुकानातला तो भला माणूस अजून एकटाच आहे ना? त्याचं तोतरेपण मी आनंदाने ऐकून घेईन.

तुला आठवत नसेल तर आठवण करून देतो. नोव्हेंबर १९६१, परगण्याचा तरुण संघांचा सामना, मैदानावर धुकं असं की गोलरक्षकाला स्वतःचा खांब दिसेना. त्या धुक्यात तुझ्या ओत्तोरीनोला माझा पाय दिसला! झानेल्लांच्या पोराला लाथ मारली दुसऱ्याच कोणी, आणि मैदानाबाहेर हाकललं मला. सतरा वर्षांचा होतो मी. शहरच्या क्लबचा माणूस मला बघायला आला होता, तो अर्ध्या तासात उठून गेला. माझं एक वर्ष बुडालं. आणि आता हा माणूस नाताळला आपल्या स्वयंपाकघरात बसून माझ्यासमोर पोलेंता खाणार?

मोकळा रविवार विचारतेस. जूनपर्यंत एकही नाही. संघ नाजूक अवस्थेत आहे, सगळा भार माझ्यावर आहे. अध्यक्ष स्ब्रोल्लींचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि असा माणूस विश्वास टाकतो तेव्हा आपण लग्नकार्यासाठी रजा मागत नाही. जूननंतर काय ते बघू. तोवर तुझा विचारही बदलेल.

तुल्लिओ


काबोनोरा, ८ डिसेंबर १९८६

तुल्लिओ,

पूर्ण विश्वास! तुझ्या अध्यक्षांनी तुला सतरा तारखेला हाकललं आणि वीस तारखेला तू मला हे लिहितोस!

मला कसं कळलं ते ऐक. ओत्तोरीनोने शुक्रवारी ईल मासे आणले, ते बांधले होते खेळाच्या गुलाबी पेपरात. कागद उलगडला तर तुझा फोटो, कपाळावर माशांचा चिकटा, आणि खाली छापलेलं, 'पाच पराभवांनंतर ब्रागान्तीनची गच्छंती.' मी ओत्तोरीनोला विचारलं, तुला ठाऊक होतं? म्हणाला, होतं. मग बोलला का नाहीस? म्हणाला, "तू विचारलं नाहीस." एक खोटं बोलतो, दुसरा खरं बोलत नाही. असे दोन पुरुष माझ्या वाट्याला आलेत.

हाकलल्याचं मला दुःख नाही, तुल्लिओ. इतक्या वर्षांत इतक्या ठिकाणांहून तू हाकलला गेलास की ते आता ऋतू बदलल्यासारखं झालंय. पण मी परकी आहे का? मला का लपवलंस?

असो. ओत्तोरीनोने नियम समजावला. तुझा करार जूनपर्यंतचा आहे, तोवर पगार चालू, आणि या हंगामात दुसऱ्या कुठल्या संघाला हात लावायची तुला परवानगी नाही. म्हणजे पुढचे सगळे रविवार तू रिकामा. तेव्हा तारीख ठरवून टाकली. ईस्टरआधीचे उपवास सुरू होण्यापूर्वी, फेब्रुवारीत उरकावं असं माझं मत होतं. पण ओत्तोरीनो भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर अर्धा तास उभा राहिला, खिशातून कसलासा कागद काढून पाहिला आणि म्हणाला, सव्वीस एप्रिल. का? तर म्हणे तेव्हा ईल ताजे मिळतात. मी डोकं आपटलं, पण तो हलला नाही. फादर इलारिओंनी वहीत शाईने लिहून टाकलंय.

येतोस की नाही, एवढंच लिही.

एर्सीलिया


पोर्तोमार्झो, २१ डिसेंबर १९८६

एर्सीलिया,

येतो. बाबांच्या टोपीची शपथ घेऊन सांगतो, येतो.

लपवलं, कारण लाज वाटली. बेचाळीस वर्षांचा घोडा आणि मोठ्या बहिणीला काय सांगू, की पुन्हा हाकलला? चौदा वर्षं मधल्या फळीत पळालो, अकरा क्लब झाले, पहिल्या श्रेणीत जेमतेम एक हंगाम, मग गुडघा गेला. मिस्टर झालो तर वाटलं आता पळायचं काम संपलं. संपलं कसलं! आता पळणारे दुसरे आणि धाप लागते मला.

घरभाडं जूनपर्यंत भरलेलं आहे म्हणून इथेच राहतो. मैदान दोन गल्ल्यांवर. कॉफी प्यायला गेलो की बारवाला पैसे घेत नाही, खांद्यावर हात ठेवतो, मयत झालेल्या घरात ठेवतात तसा. माझ्या जागी आलेत ते 'प्राध्यापक'. त्यांच्याकडे एक फळा आहे, त्यावर चुंबकाची बटणं. खेळाडूंना बटणांसारखं सरकवतात. रविवारी मी घरी बसून प्रेक्षकांचा ओरडा ऐकतो आणि त्यावरून ओळखतो की गोल आपण खाल्ला. हल्ली दर वेळी ओळखतो.

माझा सूट फाटलाय. बाबांचा तो काळा सूट असेल तर माझ्या मापाचा कर. आणि तुझ्या ओत्तोरीनोला सांग, मी तुझ्यासाठी येतोय. त्याच्याशी हस्तांदोलन करेन, पण त्याच्याकडे बघणार नाही. उभ्या आयुष्यात मला एकोणीस वेळा मैदानाबाहेर काढलं. त्या माळेचा पहिला मणी त्याने ओवलाय.

तुल्लिओ


काबोनोरा, १५ फेब्रुवारी १९८७

तुल्लिओ,

कमरेचं माप मागितलं होतं, तू छातीचं पाठवलंस. कमर पाठव. पोट आत ओढून मोजू नकोस, वेदीसमोर शिवण उसवली तर मी जबाबदार नाही. बाबांच्या सूटला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं कापड सोडलंय, तरी मला धास्तीच आहे.

आणि ओत्तोरीनोबद्दल पुन्हा असलं काही लिहू नकोस. तुझ्या बाजूने उभं राहून मी त्याला किती वर्षं आपल्या दारात उभं केलं नाही, ते तुला माहीत नाही. तू तेव्हा कुठल्या कुठल्या गावांत चेंडू लाथाडत होतास. तो एका शब्दाने बोलला नाही. आता मला पन्नाशीच्या तोंडावर माणसासारखं जगू दे.

कमर.

एर्सीलिया


पोर्तोमार्झो, १९ मार्च १९८७

एर्सीलिया,

बसलीस का? मी तर हे पत्र डोक्याला हात लावूनच लिहितोय.

प्राध्यापक गेले. काल सकाळी फळा आणि बटणं घेऊन गाडीत बसले. आणि दुपारी अध्यक्ष स्ब्रोल्ली माझ्या दारात! ज्याने नोव्हेंबरमध्ये मला माळ्याकरवी निरोप पाठवून काढलं, तो हातात गोड वड्यांचा पुडा घेऊन म्हणतो, "मिस्टर, झालं गेलं विसरा. तुमचा पगार चालूच आहे, मग तिसरा माणूस कशाला शोधू?" करार आहे, नाही म्हणता येत नाही. म्हणालो असतो तरी अर्धा पोर्तोमार्झो रस्त्यात उभा होता. बारवाल्याने आज कॉफीचे पैसे घेतले! चार महिन्यांत पहिल्यांदा. मला रडू आलं.

आता नीट ऐक. सव्वीस एप्रिलला आमचा सामना बोर्गोसेक्कोला आहे. तुझ्या चर्चपासून अठरा किलोमीटर! बघ, नशीब कशी थट्टा करतं. मला वाटलं, मिटलं, सकाळी लग्न, दुपारी सामना. पण अध्यक्षांनी फर्मान काढलंय की हंगाम संपेपर्यंत संघाला सामन्याआधी तीन दिवस हॉटेलात कोंडायचं. खेळाडूंबरोबर मिस्टरही आत. जेवण एकत्र, झोप एकत्र, बाहेर पाऊल नाही. गेल्या वर्षी एका मिस्टरने दात काढून घ्यायला दोन तास मागितले आणि त्या रविवारी चार गोल बसले, तेव्हापासून अध्यक्ष दातदुखीचं नावही काढू देत नाहीत. हरलो तर खालच्या श्रेणीत जाऊ, आणि मग मला पुन्हा कोण विचारतंय?

एकच आठवडा पुढे ढकल. त्या पावानला सांग. इतक्या वर्षांनी माझ्यासाठी एकदा तरी निर्णय बदल म्हणावं.

तुल्लिओ


काबोनोरा, २७ मार्च १९८७

तुल्लिओ,

ओत्तोरीनो तारीख बदलणार नाही. मी विनवलं, मी भांडले, मी ताट आपटलं. तो म्हणतो, सव्वीस म्हणजे सव्वीस. त्याचंही डोकं फिरलंय आणि तुझंही, मध्ये मी भरडली जातेय.

आणि तू! अठरा किलोमीटर! बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी सायकलवर बोर्गोसेक्कोचा बाजार करून यायचे. मी तुझे एकतीस सामने पाहिलेत, तुल्लिओ. मोजलेत, कारण प्रत्येक वेळी शिवणाचं काम रात्रभर जागून आदल्या दिवशी संपवावं लागायचं. आगगाडीने, उभ्याने, पावसात, एकदा तापात. त्यातल्या सहा सामन्यांत तू खेळलाच नाहीस, नुसता बाकावर बसलास, आणि मी बाकावर बसलेल्या तुला बघून परत आले. मी कधी म्हटलं का, की माझं काम आहे, सामना एक आठवडा पुढे ढकल?

फादर इलारिओ म्हणाले, चर्चचा घंटा वाजवणारा तुला घेऊन चालेल. मी नको म्हटलं. तू नाही आलास तर मी एकटी चालेन. माझ्या शेजारची जागा रिकामी ठेवेन, सगळ्या गावाला दिसू दे.

सूट शिवून तयार आहे. खुंटीला टांगलाय.

एर्सीलिया


पोर्तोमार्झो, १९ एप्रिल १९८७, ईस्टर

एर्सीलिया,

मी प्रयत्न केला. हे वाचून तू हसशील की मला शिव्या देशील ते माहीत नाही, पण मी खरंच प्रयत्न केला.

ज्या मिस्टरला मैदानाबाहेर काढतात त्याला पुढच्या सामन्याला बंदी असते. बाकावर बसता येत नाही. मग मला कोंडून अध्यक्षांना काय फायदा? तेव्हा ठरवलं, काल ईस्टरचा शनिवार, घरच्या मैदानावरचा सामना, यातच स्वतःला हाकलून घ्यायचं. आयुष्यभर नको तेव्हा हाकललं गेलो, एकदा हवं तेव्हा का नाही?

दहाव्या मिनिटाला मी रेफरीला आंधळा म्हणालो. त्याने ऐकलं नाही. विसाव्या मिनिटाला त्याच्या डोळ्यांचा, त्याच्या शिट्टीचा आणि त्याच्या आजोबांचा उद्धार केला. त्याने मान हलवली. उत्तरार्धात मी पाण्याची बाटली मैदानात फेकली. तो धावत आला. मला वाटलं, आलं आमंत्रण! तर बाटली उचलून माझ्या हातात देत म्हणाला, "बसा, मिस्टर. तुमच्या संघाची अवस्था मला कळते. ईस्टर आहे, मी मनावर घेत नाही." एर्सीलिया, एकोणीस वेळा! एकदा तर नुसत्या जांभईवरून हाकललंय मला! आणि काल हा संत भेटला.

सामना आम्ही जिंकलो. त्यामुळे अध्यक्ष आता म्हणतात, काहीही बदलायचं नाही, मिस्टरचे मोजेसुद्धा तेच राहतील. गुरुवारपासून आम्ही बोर्गोसेक्कोबाहेरच्या हॉटेलात. माझी वाट बघू नकोस.

तुल्लिओ


काबोनोरा, २२ एप्रिल १९८७

श्री. तुल्लिओ ब्रागान्तीन यांस,

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलेलं नाही. पंचवीस वर्षं तुमची पत्रं एर्सीलियाला पोहोचवली, एवढाच आपला संबंध. हे पत्र हॉटेलात गुरुवारी तुमच्या हातात पडेल, बोर्गोसेक्कोचा पोस्टमन माझा मित्र आहे.

सव्वीस तारीख मी तुम्हाला छळायला ठरवली असा तुमचा समज आहे. उलट आहे. बावीस वर्षं मी परगण्याच्या मैदानांवर शिट्टी वाजवली, क्लबांचे अध्यक्ष जवळून पाहिले. नोव्हेंबरमध्ये मिस्टरला काढतात, मार्चमध्ये नव्याला काढतात, आणि मग ज्याचा पगार चालूच आहे त्या जुन्याला परत बोलावतात. तुम्हालाही बोलावणार हे मी धरून चाललो होतो. म्हणून सामन्यांचा तक्ता खिशातून काढला आणि तुमचा संघ आमच्या भागात येईल असा एकच रविवार सापडला, तो धरला. एर्सीलियाला ईल मासे सांगितले, कारण तुम्हाला परत बोलावतील असं सांगितलं असतं तर तिने चार महिने त्याचीच काळजी केली असती.

आता हॉटेलचा प्रश्न. कोंडलेला प्रत्येक संघ रविवारी सकाळी एकत्र मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जातो. तुमचे अध्यक्ष तर मिस्सा चुकवून सामना खेळणारच नाहीत असं ऐकतो. पण मिस्सा कुठल्या चर्चमध्ये ऐकायची याचा नियम मी कुठेही वाचलेला नाही. नियम जिथे गप्प असतो तिथे माणसाने ठरवायचं असतं. फादर इलारिओ अकराचं लग्न आठच्या मिस्सेत लावायला तयार आहेत. बस चर्चसमोर वळू शकते, मी पावलांनी मोजून पाहिलंय.

आणखी एक. ६१ सालच्या त्या सामन्यानंतर आठवड्याभरात सेंट मार्टिनची जत्रा होती. तिथे मी एर्सीलियाला मागणी घालणार होतो, आणि घातलीही. ती म्हणाली, "माझा भाऊ खोटं बोलत नाही. ज्याने त्याच्यावर अन्याय केला त्याचा हात मी धरणार नाही." त्यानंतर नऊ वर्षं तिने माझ्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. मी तिला दोष देत नाही. ती एवढ्या खात्रीने बोलत होती की मला माझ्याच डोळ्यांची शंका यायला लागली. शेवटी मी धरून चाललो की धुक्यात मला चुकीचंच दिसलं. वरच्या रेफरींच्या परीक्षेचं बोलावणं आलं होतं, तिथे गेलो नाही. ज्याच्या डोळ्यांचा भरवसा नाही त्याने मोठे सामने कशाला बघायचे? तुमचे बाबा गेले तेव्हा सांत्वनाची पत्रं द्यायला मी नऊ दिवस रोज दारात आलो. नवव्या दिवशी ती म्हणाली, आत या, थंडी आहे.

तेव्हा त्या दिवसाबद्दल, उशिरा का होईना, माफी मागतो. रविवारी या.

आपला,
ओत्तोरीनो पावान


काबोनोरा, ३ मे १९८७

तुल्लिओ,

लग्नाला आठवडा झाला आणि मी अजून लोकांना उत्तरं देतेय. सकाळी आठला चर्चच्या दारात बस येऊन थांबते काय, त्यातून निळ्या खेळाच्या कपड्यांत अठरा दांडगे उतरतात काय, पाठोपाठ तुझे अध्यक्ष, आणि सगळ्यांत शेवटी तू! बाबांचा सूट तुझ्यासाठी फादरांच्या खोलीत टांगलेला होता. ओत्तोरीनोने आधीच आणून ठेवला होता आणि नेहमीप्रमाणे मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

आलास ते आलास, पण मला पळवत नेण्याची काय गरज होती? वेदी काही उठून जाणार नव्हती. आणि रडलास किती! मी नवरी, मी कोरडी, आणि तुझ्या नाकाची सुरसुर शेवटच्या बाकापर्यंत ऐकू येत होती. तुझ्या अध्यक्षांनीही डोळे पुसले, म्हणाले नवरीचं दर्शन शुभ असतं. तुझ्या त्या उंच गोलरक्षकाने माझ्या नणंदेच्या हातचे ईल सकाळी नऊ वाजता दोन ताटल्या खाल्ले, त्याला कोणी आवरलं नाही.

मग दुपार. चार वाजता आम्ही जेवणाच्या टेबलावर, आणि दारात कोण उभं? तू! मी म्हटलं, सामना संपला? तू म्हणालास, माझ्यापुरता. विसाव्यांदा हाकललं! दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं की तू मैदानात घुसून रेफरीची टर उडवलीस. एक दिवस, तुल्लिओ! बहिणीच्या लग्नाचा एक दिवस तुला तोंड आवरता आलं नाही? आणि त्यावरून अध्यक्षांनी सोमवारी तुला पुन्हा काढलं. एका हंगामात एकाच माणसाने दोनदा काढलेला मिस्टर परगण्यात दुसरा नसेल.

पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने. जेवताना तू ओत्तोरीनोच्या शेजारी बसलास. ज्याच्याकडे बघणारही नव्हतास त्याचा हात धरून बसलास. तीनदा तोंड उघडलंस आणि तीनदा मिटलंस. ओत्तोरीनोने सगळ्यांसमोर उभं राहून ६१ च्या त्या सामन्याची माफी मागितली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तू पांढराफटक पडलास. काय झालं होतं? ईल बाधले का? ओत्तोरीनोला विचारलं तर म्हणतो, मला माहीत नाही.

मला सांग.

एर्सीलिया


पोर्तोमार्झो, ९ मे १९८७

एर्सीलिया,

ईल बाधले नाहीत. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

मी रेफरीची टर उडवली नाही. आमच्या बचावपटूने समोरच्याच्या पायावर लाथ मारली, मी बाकावरून स्पष्ट पाहिली. रेफरीने आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. आमची पोरं त्याला घेराव घालून ओरडत होती, शपथा घेत होती, आणि तो बिचारा चाचरायला लागला, एकदा इकडे बघायला लागला, एकदा तिकडे. मला राहवलं नाही. मैदानात पळत गेलो आणि म्हणालो, "तुम्हाला बरोबर दिसलंय. अगदी बरोबर दिसलंय. कोणाचं ऐकू नका." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. हाकललं. अध्यक्षांना मात्र कळलं की मी चेष्टा करत नव्हतो, म्हणून त्यांनी काढलं.

आता खरं सांगतो. ६१ साली मीच लाथ मारली होती. झानेल्लांच्या पोराच्या घोट्यावर, मागून, मुद्दाम. चेंडू दहा पावलं लांब होता. तो सामनाभर मला चिडवत होता, धुकं होतं, मला वाटलं कोण बघतंय. ओत्तोरीनोने बघितलं.

बाबा म्हणाले होते, मैदानातून हाकललेलं पोर या घरात पुन्हा चेंडूला पाय लावणार नाही. घरी येईपर्यंत रस्त्यातच मी गोष्ट रचली. बाबांनी मानली, तू मानलीस. बाबा बारमध्ये जाऊन ओत्तोरीनोला सगळ्यांसमोर बोलून आले. मला वाटलं, चार दिवसांत विसरतील. मी खेळत राहिलो आणि गोष्ट सांगत राहिलो. इतक्यांदा सांगितली की नोव्हेंबरमध्ये तुला ते पत्र लिहिताना मला खरंच राग आला होता.

त्याने तुला मागणी घातली होती हे मला माहीत नव्हतं. शपथ घेत नाही, माझ्या शपथांना आता काय किंमत? पण माहीत नव्हतं. त्याच्या पत्रातून कळलं. त्या हॉटेलात, गुरुवारी, अठरा पोरांबरोबर सूप पिताना.

लग्नाच्या दिवशी सांगणार होतो. तू निळ्या पोशाखात हसत होतीस. जमलं नाही.

ओत्तोरीनोला सांग, त्याला बरोबर दिसलं होतं.

तुल्लिओ


काबोनोरा, १८ मे १९८७

तुल्लिओ,

तुझं पत्र आलं तेव्हा ते ओत्तोरीनोनेच आणून दिलं. मी वाचलं, आणि त्याच्या हातात ठेवलं. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं चिडेल, मला वाटलं रडेल. चिडला असता तर बरं झालं असतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी परीक्षेला बसायला हवं होतं." एवढंच. माझ्याबद्दल, नऊ वर्षांबद्दल, एक अक्षर नाही.

मी मात्र तीन दिवस भांडी आपटली. तुला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की फादर इलारिओंसमोर कबुली द्यायला वेळ पुरला नाही. मला दोन पोरं झाली असती, तुल्लिओ. निदान एक तरी. ज्या भावावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला त्याला मी काय म्हणू? आणि वर तू खरं बोललास कधी, तर लग्न झाल्यावर! धड खोटंही शेवटपर्यंत नेलं नाहीस.

काल रविवारी ओत्तोरीनो जेवण सोडून कुठे गेला ते कळेना. शोधत गेले तर मैदानावर. शाळेच्या पोरींचा सामना, आणि हा एकोणपन्नास वर्षांचा माणूस जुनी काळी चड्डी घालून शिट्टी वाजवतोय. एका पोरीने पाय घातला, त्याने लगेच बोट दाखवलं. सगळ्या बाया ओरडल्या. तो हलला नाही. माझ्याकडे बघून हसला, तसा हसलेला मी त्याला ६१ च्या त्या जत्रेनंतर पाहिला नव्हता.

तू रिकामा आहेस, म्हणजे उद्याच गाडीत बसशील. बसू नकोस. मी पंचवीस वर्षं थांबले, तू पंचवीस दिवस थांब. मग ये. ओत्तोरीनोला तुझ्याशी बोलायचंय, आणि जेवायला तू त्याच्या समोर बसशील, शेजारी नाही. नीट बघायचं त्याच्याकडे.

बाबांचा सूट घालून ये. शिवण उसवली असेल तर इथे आल्यावर घालून देईन.

एर्सीलिया